चिनी मातीचे कुट्टिमकाम

चिनी मातीच्या फुटक्या भांड्यांचे अगर झिलईदार फरशांचे तुकडे चुन्याच्या वा सिमेंटच्या ओल्या थरात बसवून जमीन, भिंत, घुमट इ. पृष्ठभाग मढविण्याची कला. मराठी मुलखात ती दोन रूपांत परिचित आहे : गोव्यातील जुन्या घरांच्या नक्षीदार जमिनी आणि महाराष्ट्रातील गच्च्यांवरचे ‘चायना मोझॅक’. रोमन व बायझंटिन कुट्टिमचित्रणात दगडाचे आणि काचेचे तुकडे त्या कामासाठीच मुद्दाम पाडले जात. येथे मात्र तुकडा मुळात दुसऱ्याच वस्तूचा असतो. तिचा बाक, काठ व नक्षी तो सोबत घेऊन येतो आणि कारागिराला त्याच्याशी जुळवून घ्यावे लागते.

अस्सल चिनी पोर्सेलीन सु. १३००° से. तापमानास भाजलेले, कठीण व पाणी न शोषणारे असते. ते बनविण्याचे तंत्र यूरोपला अठराव्या शतकाच्या आरंभापर्यंत साधले नव्हते. मायसेनचा कारखाना १७१० मध्ये निघाला. तोवर निळ्यापांढऱ्या चिनी बशीचे मोल एवढे होते, की ती फुटली तरी टाकून देववत नसे. लिस्बनच्या फ्रोंतेइरा प्रासादाच्या उद्यानातील गुहागृह शिंपले, काचा व फुटक्या चिनी भांड्यांनी मढविलेले आहे. राजपुत्राच्या मेजवानीत वापरलेली भांडी पुन्हा कोणी वापरू नयेत म्हणून फोडली व तेथे जडविली, अशी आख्यायिका आहे. या जडावकामास पोर्तुगीजमध्ये ‘एंब्रेशादो’ म्हणतात.

पोर्तुगीजांनी १५१० मध्ये गोवा जिंकले आणि १५५७ च्या सुमारास मकाव येथे वसाहत केली. मकावहून लिस्बनला जाणारा माल गोव्यात उतरे. चिनी भांडी वजनदार आणि ओलीने न बिघडणारी असल्याने जहाजाच्या तळाशी भार (नीरम) म्हणूनही ती रचीत. प्रवासात फुटलेला माल गोव्यातील गवंड्यांच्या हाती आला व त्यातून घरांच्या जमिनी सजल्या, अशी परंपरागत समजूत आहे. ती असंभाव्य नाही; तथापि तिच्या आधारे गोव्यातील प्रत्येक जमिनीस मिंगकालीन ठरविणे योग्य नव्हे. मराठीत ‘चिनी’ हा शब्द देशापेक्षा पदार्थ दर्शवितो. दौलताबादच्या किल्ल्यातील चिनी महाल—गोवळकोंड्याचा अखेरचा सुलतान अबुल हसन जेथे कैदेत होता तो—चीनशी संबंधित नाही; त्याच्या दर्शनी भागावरील झिलईदार फरशांमुळे त्यास हे नाव पडले. गोव्यातील जमिनींतही अस्सल चिनी तुकडे, नंतरची यूरोपीय भांडी व कारखान्यातील फरशा यांची सरमिसळ असू शकते.

ही सरमिसळ उकलणे कठीण असते, त्याचे कारण कामाच्या रीतीतच आहे. भांड्याचा काळ बहुधा त्याच्या बुडावरून, म्हणजे पायकडीच्या घडणीवरून व तिच्या आतील मुद्रेवरून ठरवितात. कुट्टिमात नेमकी हीच बाजू चुन्यात गाडलेली राहते आणि रंगविलेली बाजू वर येते. बूड दिसते ते जमीन उखडल्यावरच. घर नव्याने बांधताना अशा जमिनी उखडल्या जातात, त्या वेळी ते पाहण्यास जाणकार क्वचितच हजर असतो व तुकडे मलब्यात जातात. गोव्यातील या कामाचा इतिहास अजून बराचसा तर्कावर उभा आहे, तो यामुळेच.

आशियात अन्यत्र ही कला इमारतींवर चढली. बँकॉकच्या वाट अरुण मंदिराचे उंच शिखर (एकोणिसाव्या शतकाचा पूर्वार्ध) चिनी भांड्यांच्या तुकड्यांनी व शिंपल्यांनी सजविलेले आहे. व्हिएटनाममध्ये ह्वे येथील खाइ दिन्ह सम्राटाच्या समाधीत (१९२०–३१) चिनी मातीच्या व काचेच्या तुकड्यांची विपुल चित्रे आहेत. बार्सेलोनात आंतोनी गौदी याने ग्वेल उद्यानात (१९००–१४) हेच तंत्र वापरले.

महाराष्ट्रात भांड्यांची जागा कारखान्यातील पांढऱ्या, फुटक्या फरशांनी घेतली व सजावटीपेक्षा उपयोगाला महत्त्व आले. विटांच्या तुकड्यांचा कोबा उतार देऊन घालतात, त्यावर सिमेंटचा थर पसरून तुकडे एकेक करून बसवितात व थापीने ठोकतात. मग फटी पांढऱ्या सिमेंटने भरून पृष्ठभाग पुसून काढतात. जमीन व कठडा यांच्या सांध्यावर गोलाईदार ‘वाटा’ काढतात. अखंड फरशी या गोलाईवर बसत नाही, लहान तुकडे सहज वळतात. पांढरी झिलई ऊन परावर्तित करते, त्यामुळे वर्धा जिल्ह्यासारख्या, उन्हाळ्यात पारा ४५° से.च्या आसपास जाणाऱ्या प्रदेशात खालच्या खोल्यांना काहीसा थंडावा मिळतो. हे काम करणाऱ्या गवंड्यांची नावे सहसा नोंदली गेली नाहीत.

या गच्चीच्या कामाला वास्तुकलेत प्रतिष्ठा मिळवून देणाऱ्यांत बाळकृष्ण दोशी (१९२७–२०२३) प्रमुख होत. जन्माने पुण्याचे व मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकलेले दोशी यांनी अहमदाबाद येथील आपल्या ‘संगत’ या कार्यालयाच्या (१९८०) अर्धगोल छतांवर पांढऱ्या फुटक्या फरशांचे आवरण चढविले. चंडीगढ येथे नेकचंद यांनी १९५७ पासून गुपचूप रचलेल्या व १९७६ मध्ये लोकांना खुल्या झालेल्या पाषाणोद्यानात फुटक्या कपबश्या आणि बांगड्यांच्या काचा मढवून माणसांच्या व पशुपक्ष्यांच्या आकृतींच्या रांगा उभ्या केल्या आहेत.