खोगीरभरतीचा इतिहास

मराठी भाषेंत ‘खोगीरभरती’ हा शब्द निंदेचा आहे. सभेंत माणसें निष्कारण जमविलीं किंवा ग्रंथांत पानें निष्कारण वाढविलीं, कीं आपण त्यास खोगीरभरती म्हणतों. खोगिरांत लोकर, चिंध्या, गवत असें कांहींही कोंबलें तरी चालतें, या समजुतीवर ही निंदा उभी आहे. परंतु घोड्यापासून फटफटीपर्यंतचा मनुष्याच्या बैठकीचा इतिहास पाहतां, भाषेनें या भरतीवर अन्याय केला आहे असें आम्हांस वाटतें. लांबच्या प्रवासांत बैठकीमध्यें काय भरलें आहे व तें कसें भरलें आहे, यावरच स्वाराचें पुष्कळसें सुखदुःख अवलंबून असतें.

मऊ बैठकीविषयींचा तिटकाराही फार जुना आहे. ग्रीक ग्रंथकार झेनोफन हा अश्वविद्येंत निष्णात होता. ‘सायरोपीडिया’च्या शेवटच्या भागांत आपल्या काळच्या इराणी स्वारांस त्यानें टोमणा मारला आहे कीं, यांच्या बिछान्यांपेक्षां घोड्यांवरच पांघरुणें अधिक, आणि यांना स्वारीपेक्षां मऊ बैठकीची काळजी अधिक. सुख म्हणजे दुबळेपणा, हें मत तेव्हांपासून स्वारांच्या मनांत घर करून बसलें आहे.

याला उत्तर मात्र जमिनीखालून मिळालें. सैबेरियांतील अल्ताई पर्वतांत पाझिरिक येथें १९२९ पासून जें उत्खनन झालें, त्यांत बर्फानें गोठून राहिलेल्या थडग्यांतून घोडे आणि त्यांचीं खोगिरें जशींच्या तशीं सांपडलीं. तीं इ. स. पूर्वीं पांचव्या ते तिसऱ्या शतकांतील मानितात. त्यांत केस किंवा गवत भरलेल्या दोन उशा असून, घोड्याच्या कण्याच्या एका बाजूस एक व दुसऱ्या बाजूस दुसरी, अशी त्यांची रचना आहे. कणा मधून मोकळा राहतो आणि स्वाराचें वजन दोन्ही बाजूंच्या मांसल भागांवर पडतें. म्हणजे भरतीचा पहिला धनी स्वार नव्हे, घोडा होय! घोड्याची पाठ सोलली कीं स्वार पायीं आलाच. जेथें कातडीखालीं लागलींच हाड आहे तेथील भार काढून, जेथें तो सोसवेल तेथें पसरावयाचा, हें गादीचें खरें काम त्या अज्ञात कारागिरांना पुरतें ठाऊक होतें.

यंत्रयुगांत घोडा गेला, आणि हें ज्ञान कांहीं काळ विसरल्यासारखें झालें. १८१७ मध्यें कार्ल ड्राइस यानें पायांनीं रेटावयाचें दुचाकी वाहन काढलें, त्यावर गादीची बैठक होती. पुढें १८६० नंतर निघालेल्या पायट्यांच्या गाडीस इंग्रजांनीं ‘हाडें खिळखिळीं करणारी’ असेंच नांव दिलें. १८८५ मध्यें गॉटलीब डायम्लर यानें पेट्रोलच्या एंजिनावर चालणारी दुचाकी तयार केली. तिचीं चाकें लांकडी, धावा लोखंडी, आणि बैठक घोड्याच्या जिनासारखी! एंजिन पेटविण्याची तापलेली नळी बैठकीच्या खालींच असल्यामुळें, डायम्लरचा मुलगा पॉल ती चालवीत असतां बैठकीनेंच पेट घेतला. फटफटीच्या इतिहासांत बैठकीचें दुःख असें पहिल्याच दिवसापासून आहे.

त्यानंतर बरींच वर्षें मागच्या चाकास स्प्रिंगा नसत. खड्ड्याचा धक्का सरळ स्वारास बसे. म्हणून सारी करामत बैठकीखालीं चाले. १९१२ मध्यें हार्ले-डेव्हिडसननें बैठकीचा दांडा सांगाड्याच्या नळींत स्प्रिंगेवर तरंगत ठेवला. १९१३ मध्यें इंडियन कंपनीनें चाकालाच पात्यांच्या स्प्रिंगा दिल्या. १९२९ मध्यें डनलॉपच्या प्रयोगशाळेंत रबराचा चीक घुसळून त्याचा फेंस तयार झाला. दुसऱ्या महायुद्धानंतर चाकाच्या स्प्रिंगा सर्रास झाल्या, तेव्हां बैठकीच्या स्प्रिंगा अनावश्यक ठरल्या आणि दोघांची लांबट, फेंसरबराची गादी रूढ झाली. धक्का गेला; पण भार राहिलाच.

हा भार कोठें पडतो? बसलेल्या मनुष्याचें वजन मुख्यतः आसनास्थींच्या दोन टोंकांवर येतें. तेथील मांस हाड आणि आसन यांच्यांत चेपलें जातें, रक्ताचा प्रवाह मंदावतो. प्रथम कळ येते, मग बधिरता. दुकानांत हातानें दाबून मऊ लागलेली गादी येथेंच फसविते. दोन तासांत हाड तिच्या तळाशीं टेकतें, आणि मधला भाग वर येऊन नाजूक शिरांवर दाब देतो. याचें मर्म ओळखलें तें चाकांच्या खुर्चीवर दिवस काढणाऱ्या रुग्णांसाठीं झटणाऱ्यांनीं. त्यांना दाबानें होणाऱ्या जखमा हा जीवनमरणाचा प्रश्न होता. एकमेकांस जोडलेल्या रबरी वायुकोशांची गादी त्यांच्यासाठीं निघाली आणि मागाहून ती फटफटीवर आली. तिच्यांतही हवा गच्च भरल्यास स्वार डोलूं लागतो, फार कमी भरल्यास हाड टेकतें. हाड तळापासून जेमतेम सुटावें, इतकीच हवा पुरे.

तेव्हां गादी निवडणारानें मऊपणा न पाहतां तासाभराच्या बैठकीनंतर काय होतें तें पाहावें. मेंढीचें लोकरी कातडें दाब फारसा कमी करीत नाहीं, परंतु हवा खेळती ठेवतें, घांस टाळतें. आमच्या उन्हाळ्यांत हा गुण लहान नव्हे. उंच गादीनें पाय जमिनीस पुरेनासे होत असतील, तर तें सुख घातक समजावें. आणि गादी कितीही उत्तम असली, तरी मधूनमधून उतरून चार पावलें चालणें कोणासही चुकत नाहीं. घोडेस्वारही घोड्यास विसांवा देत, व त्याबरोबर तो त्यांनाही मिळे.

झेनोफनचा टोमणा अगदींच खोटा नव्हता. नुसत्या पांघरुणांची चळत ही खरोखरच खोगीरभरती होय. परंतु दोन उशा शिवून कणा मोकळा सोडणाऱ्या अल्ताईच्या कारागिराची भरतीही त्याच नांवानें ओळखावी, हें आम्हांस मान्य नाहीं.