अनुकृती व पुनर्रचना, कलाशिक्षणातील

उपलब्ध कलाकृतीची हुबेहूब प्रत काढणे म्हणजे नक्कल. तिच्या घडणीचा मागोवा घेत ती पुन्हा सिद्ध करणे म्हणजे अनुकृती. आणि तिचे घटक वेगळे करून, बदलून किंवा परक्या संदर्भात मांडून त्यांतून दुसरी कृती घडविणे म्हणजे पुनर्रचना होय. या तीन क्रियांच्या सीमारेषा व्यवहारात पुसट असतात. पुनर्रचनेला अलीकडे ‘रीमिक्स’ हा शब्द रूढ झाला असून तो ध्वनिमुद्रणाच्या व्यवसायातून आलेला आहे. १९७० नंतरच्या दशकात जमैका व न्यूयॉर्क येथील ध्वनितंत्रज्ञांनी मुद्रित गीतांचे तुकडे वेगळे करून ते नव्याने जोडण्याची रीत पाडली. त्याच सुमारास, १९७५ मध्ये, टोकिओ येथे हौशी चित्रकथाकारांचा बाजार भरू लागला. तेथे लोकप्रिय चित्रकथांतील पात्रे घेऊन चाहत्यांनी रचलेल्या नव्या कथा विकल्या जात. संगणक व भ्रमणध्वनी यांच्या प्रसारानंतर हे तंत्र शाळकरी मुलांच्याही हाती आले आणि चाहत्यांच्या या निर्मितीला कलाशिक्षणात स्थान द्यावे काय, हा प्रश्न जगभर चर्चिला जाऊ लागला. महाराष्ट्रात मात्र हा प्रश्न नवा नाही. येथील आधुनिक कलाशिक्षणाचा आरंभच नकलेतून झाला, आणि नक्कल कोणी, कोणाची व कोणासाठी करावयाची या वादाने त्याचा बराच इतिहास व्यापलेला आहे.

सर जमशेटजी जीजीभाई यांच्या एक लाख रुपयांच्या देणगीतून १८५७ मध्ये मुंबईत कलाशाळा स्थापन झाली. तिच्या अभ्यासक्रमावर लंडनच्या साउथ केन्सिंग्टन येथील पद्धतीचा प्रभाव होता. १८५३ मध्ये आखलेल्या त्या पद्धतीत शिक्षणाच्या २३ पायऱ्या होत्या. आरंभी छापील नमुन्यावरून सरळ व वक्र रेषा गिरवावयाच्या, मग अलंकरणाचे नमुने उतरावयाचे, त्यानंतर ग्रीक मूर्तींच्या प्लॅस्टरच्या प्रतिकृतींवरून रेखाटन करावयाचे, असा तिचा क्रम असे. विद्यार्थ्याने काही नवे सुचवावे ही अपेक्षा अगदी वरच्या पायऱ्यांवर होती. या शिस्तीने हाताला वळण लागले हे नाकारता येत नाही. परंतु भोवतालच्या मूर्ती, भित्तिचित्रे व विणकाम सोडून दूरदेशीच्या मूर्तींच्या पांढऱ्या प्रतिकृती पुढ्यात ठेवल्याने डोळ्याची सवय मात्र परकी झाली. १८६५ मध्ये आलेले जॉन लॉकवुड किपलिंग व जॉन ग्रिफिथ्स या शिक्षकांनी ही कोंडी काही अंशी फोडली. शाळेच्या विद्यार्थ्यांनी व्हिक्टोरिया टर्मिनसच्या (१८८८) कोरीवकामात भाग घेतला, आणि तेथील गॉथिक चौकटीत येथील पाने, पशू व पक्षी येऊन बसले. ही पुनर्रचनाच होती.

या इतिहासातील सर्वांत महत्त्वाचे प्रकरण अजिंठ्याचे होय. तेथील भित्तिचित्रांच्या प्रती काढण्याचे काम १८४४ पासून मेजर रॉबर्ट गिल यांच्याकडे होते. त्यांचे बहुतेक पट लंडनजवळील क्रिस्टल पॅलेसला १८६६ मध्ये लागलेल्या आगीत जळाले. त्यानंतर ग्रिफिथ्स यांनी १८७२ ते १८८५ या काळात मुंबईच्या कलाशाळेतील विद्यार्थ्यांच्या साहाय्याने सुमारे ३०० प्रती करविल्या. पेस्तनजी बमनजी हे या विद्यार्थ्यांपैकी प्रमुख होत. अंधाऱ्या लेण्यांत ऋतुमागून ऋतू बसून, झिजलेल्या रेषेचा माग काढत केलेले हे काम म्हणजे वर्गातील गिरवण्याहून सर्वस्वी वेगळे शिक्षण होते. जेथे रंग उडालेला आहे तेथे मूळ कलावंताचा हात कसा वळला असेल, याचा निर्णय प्रतिकर्त्यालाच घ्यावा लागे. या अभ्यासाचा परिणाम लगोलग दिसून आला. कलाशाळेच्या मृत्पात्रांवर अजिंठ्याचे आकृतिबंध उमटले. प्राचीन परंपरेतील एक अंश अशा रीतीने घड्यांवर व तबकांवर उतरला, तो बाजारासाठी का होईना.

परंतु या प्रकरणाची दुसरी बाजूही लक्षात घेतली पाहिजे. प्रती लंडनला पाठविण्यात आल्या आणि १८८५ मध्ये तेथील संग्रहालयात लागलेल्या आगीत त्यांतील शंभराहून अधिक नष्ट झाल्या. ग्रिफिथ्स यांचा अजिंठ्यावरील दोन खंडांचा ग्रंथ १८९६-९७ मध्ये प्रसिद्ध झाला. तो त्यांच्या नावाने ओळखला जातो. ज्यांनी प्रती काढल्या त्या विद्यार्थ्यांचा उल्लेख सामान्य वाचकापर्यंत क्वचितच पोहोचला. याहून खेदाची गोष्ट अशी, की रेषा स्पष्ट दिसाव्यात म्हणून गिल व ग्रिफिथ्स या दोघांच्याही काळात मूळ चित्रांवर रोगण चढविण्यात आले. कालांतराने ते पिवळे पडून चित्रांची हानी झाली. नकलेने मूळ कृती वाचविली आणि नकलेनेच तिला इजा केली, ही दोन्ही विधाने अजिंठ्याच्या बाबतीत खरी आहेत. पुढे १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅम यांच्याबरोबर नंदलाल बोस, असितकुमार हालदार आदी तरुण बंगाली चित्रकारांनी तेथे प्रती केल्या. त्या अनुभवाचा ठसा बंगालच्या नव्या चित्रशैलीवर दीर्घकाळ राहिला. मुंबईत ग्लॅडस्टन सॉलोमन यांच्या कारकीर्दीत भित्तिचित्रणाचा वर्ग निघाला व जगन्नाथ अहिवासी यांनी भारतीय शैलीचे अध्यापन केले. अनुकृतीचा विषय बदलताच शिक्षणाची दिशा कशी बदलते, याचे हे ठळक उदाहरण आहे.

शाळेबाहेर पुनर्रचनेचा ओघ अधिक मोकळा होता. राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत सुरू केलेला शिळाछापखाना पुढे मळवली येथे हलविण्यात आला. त्याच्या चित्रांनी देवादिकांची एक ठराविक मुद्रा घरोघरी नेली. पुण्यातील चित्रशाळा छापखाना १८७८ पासूनच हे कार्य करीत होता. लोकांनी ही चित्रे नुसती भिंतीवर टांगली नाहीत. अनेक घरांतून मुद्रित लक्ष्मी-सरस्वतींना खऱ्या कापडाची वस्त्रे, जरीचे काठ व टिकल्या चिकटविल्या जात. चाहत्यांच्या निर्मितीचा हा एक जुना व निर्मळ प्रकार म्हणता येईल. त्यामागे भक्ती होती आणि हस्तकौशल्यही होते. मुंबईची कलाशाळा व बडोद्याचे कलाभवन येथे शिकलेले दादासाहेब फाळके यांनी रविवर्मा छापखान्यासाठी छायामुद्रणाचे काम केले होते. येशू ख्रिस्ताच्या चरित्रावरील चित्रपट पाहताना त्यांच्या मनापुढे श्रीकृष्ण उभा राहिला, ही हकीकत सुपरिचित आहे. राजा हरिश्चंद्र (१९१३) हा चित्रपट त्या प्रेरणेतून निघाला. पडद्यावरील पाश्चात्त्य कथनपद्धती व छापील चित्रांतील पौराणिक मुद्रा यांचा त्यात संगम झाला.

संगीत व नाट्य या क्षेत्रांत तर पुनर्रचना हीच रूढ पद्धती होती. बलवंत पांडुरंग किर्लोस्कर यांच्या संगीत शाकुंतल (१८८०) या नाटकापासून मराठी नाट्यपदाच्या डोक्यावर ‘चाल’ म्हणून मूळ गीताचा निर्देश छापण्याची प्रथा पडली. लावणी, साकी, दिंडी, कानडी पदे, पुढे ख्याल-ठुमरीच्या बंदिशी, या सर्वांतून चाली घेण्यात आल्या. यात लपवाछपवी नव्हती हे विशेष. उसने काय घेतले ते पुस्तकातच नमूद असे. सत्यशोधक जलशांनी तमाशाची चौकट घेऊन तीत सामाजिक विचार भरला. आंबेडकरी जलशांनी १९३० नंतर तेच केले आणि भीमगीतांनी कव्वालीच्या व चित्रपटगीतांच्या चालींवर स्वाभिमानाचे काव्य उभे केले. वामनदादा कर्डक यांच्यासारख्या लोकशाहिरांची गीते विदर्भाच्या खेडोपाडी पोहोचली. ज्यांना कलाशाळेचे दार सहजी उघडे नव्हते, त्यांनी लोकप्रिय चालीलाच आपली शाळा केली. साहित्यात आचार्य अत्रे यांच्या झेंडूची फुले या संग्रहाने विडंबनाला प्रतिष्ठा दिली. मूळ कवितेचा छंद, शब्दकळा व लकबी पूर्णपणे आत्मसात केल्याविना विडंबन साधत नाही, आणि म्हणून ते काव्यशिक्षणाचे उत्तम साधन ठरते.

या दृष्टीने पूर्व विदर्भातील झाडीपट्टीचा विचार उद्‌बोधक आहे. भंडारा, गोंदिया, गडचिरोली व चंद्रपूर या जिल्ह्यांतील वनांच्या व धानशेतीच्या प्रदेशास ही संज्ञा लावली जाते. गोंदिया जिल्हा १९९९ मध्ये भंडाऱ्यातून वेगळा झाला. त्यातील सडक अर्जुनी हे तालुक्याचे गाव मुंबई–कोलकाता राष्ट्रीय महामार्गावर असून त्याच जिल्ह्यातील अर्जुनी मोरगावाहून वेगळे ओळखण्यास ‘सडक’ हे पद उपयोगी पडते. दिवाळीनंतर या भागात गावोगाव मंडई भरते आणि तेव्हापासून होळीपर्यंत नाटकांचा हंगाम चालतो. दंडार व खडी गंमत हे येथील जुने प्रकार होत. दंडारीत स्त्रीभूमिका पुरुष करीत. त्यांच्या जोडीला, व पुढे बऱ्याच अंशी त्यांच्या जागी, संगीत नाटके आली. तात्पुरत्या मंडपात रात्री सुरू होणारा प्रयोग पहाटेपर्यंत रंगतो. गडचिरोली जिल्ह्यातील वडसा हे नाटक मंडळ्यांचे मुख्य केंद्र आहे. परशुराम खुणे या झाडीपट्टीतील नटास २०२३ मध्ये पद्मश्री मिळाली.

झाडीपट्टीच्या नाटकावर शहरी समीक्षकांचा जुना आक्षेप असा, की ते चित्रपटांची नक्कल करते. गाणी, नृत्ये व भडक प्रसंग उसने घेते. आक्षेपात तथ्य नाही असे नाही. परंतु किर्लोस्करांच्या चालींना उसनवारी म्हटले जात नाही आणि झाडीपट्टीच्या चालींना म्हटले जाते, यामागे कलेचा निकष किती व प्रतिष्ठेचा किती, हे तपासून पाहण्यासारखे आहे. चित्रपटातील प्रसंग उघड्या मंडपात, जिवंत वाद्यवृंदासह, स्थानिक बोलीच्या विनोदात बसविताना त्याची लय व लांबी दोन्ही बदलतात. जवळून चित्रित केलेला चेहरा दूरच्या प्रेक्षकाला दिसत नसल्याने भाव आवाजात व हातवाऱ्यांत आणावा लागतो. एका माध्यमातून दुसऱ्या माध्यमात जाताना काय टिकते व काय गळते, हा कलाशिक्षणातील मूलभूत धडा येथील मुलाला मंडपाच्या कडेला बसल्या बसल्या मिळतो. नागपूरच्या मारबतीबरोबर निघणारे बडगे हेही असेच उदाहरण. दरवर्षी चालू घडामोडींवर टीका करणाऱ्या नव्या आकृती जुन्या मिरवणुकीच्या चौकटीत येतात.

शाळेत मात्र या सामग्रीला फारसा शिरकाव मिळालेला नाही. राज्याच्या कला संचालनालयातर्फे (स्थापना १९६५) घेतल्या जाणाऱ्या एलिमेंटरी व इंटरमिजिएट या रेखाकला परीक्षांना महाराष्ट्रातील असंख्य विद्यार्थी बसत आले आहेत. वस्तुचित्र किंवा स्थिरचित्र, स्मरणचित्र, संकल्पचित्र व भूमिती-अक्षरलेखन हे त्यांचे परिचित विषय होत. पूर्वीचे मुक्तहस्तचित्र तर नमुन्यावरूनच काढावयाचे असे. म्हणजे नक्कल होती, परंतु नमुन्याशी वाद घालण्यास वाव नव्हता. पुनर्रचनेच्या अध्यापनात नेमका हा वाव अभिप्रेत असतो. विद्यार्थ्याने प्रथम मूळ कृती काळजीपूर्वक उतरावयाची, मग तिचा एकच घटक बदलावयाचा, उदा., प्रकाशाची दिशा, पात्रांचे वेश किंवा पाहणाऱ्याची जागा; आणि या बदलाने अर्थ कसा पालटला ते लिहून दाखवावयाचे. पहिली पायरी गाळल्यास उरते ती केवळ कात्री-डिंकाची करमणूक. भ्रमणध्वनीवर तयार होणारी बहुतेक विनोदी चित्रे या दोषाने ग्रस्त आहेत. उलट छायाचित्रकार क्लेअर आर्नी यांच्यासमवेत पुष्पमाला एन. यांनी २००० ते २००४ या काळात रविवर्मा यांची चित्रे स्वतः त्या वेशात उभ्या राहून पुन्हा घडविली. मूळ चित्रातील बारकाव्यांचा त्यांचा अभ्यास इतका सूक्ष्म आहे, की टीका त्यातूनच प्रकट होते. मुंबईच्या कलाशाळेचे विद्यार्थी अतुल दोडिया यांच्या चित्रांतही अन्य कलावंतांच्या व चित्रपटांच्या प्रतिमा सतत भेटतात. मकबूल फिदा हुसेन तर तरुणपणी चित्रपटांचे फलक रंगवीत आणि उतारवयात माधुरी दीक्षित यांचे चाहते म्हणून त्यांनी चित्रमालिका रंगविली.

पुनर्रचनेचा अधिकार सर्वांना सारखा असावा काय, हा प्रश्न लोककलांच्या संदर्भात बिकट होतो. वारली चित्रे राज्यातील शाळांच्या भिंतींवर सर्रास काढली जातात. विवाहप्रसंगी चौक लिहिणाऱ्या वारली स्त्रियांशी वा जिव्या सोमा म्हसे यांच्यासारख्या कलावंताशी त्या भिंतींचा संबंध क्वचितच जोडला जातो. त्रिकोणी देहाची आकृती शिकविली जाते, चौकातील पालघाट देवीचे प्रयोजन शिकविले जात नाही. गोंड चित्रशैलीबाबतही असाच घोटाळा होतो. मध्य प्रदेशातील पाटणगढचे जनगढसिंह श्याम (१९६२–२००१) यांनी प्रधान समाजातील गीतकथांना कागदावर व रंगांत आणले. ती एका कलावंताची आधुनिक पुनर्रचना होय. ती गोंदिया-गडचिरोलीतील गोंडांची पुरातन चित्रपरंपरा म्हणून शिकविणे अयोग्य ठरेल.

कायद्याची बाजू त्यामानाने स्पष्ट आहे. भारतीय स्वामित्व हक्क अधिनियम, १९५७ अन्वये शिक्षक किंवा विद्यार्थ्याने अध्यापनाच्या ओघात केलेली कृतीची पुनरावृत्ती हक्कभंग ठरत नाही. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये विद्यापीठातील छायाप्रतींच्या प्रकरणी या तरतुदीचा व्यापक अर्थ लावला. चित्रावरील स्वामित्व कलावंताच्या मृत्यूनंतर ६० वर्षांपर्यंत टिकते. त्यामुळे १९०६ मध्ये निधन पावलेल्या रविवर्मा यांची चित्रे केव्हाच सर्वांसाठी खुली झाली आहेत. तथापि वर्गातील कृती बाहेर विकावयाची झाल्यास ही मोकळीक उरत नाही. शिवाय कृतीची विटंबना वा मोडतोड रोखण्याचा कलावंताचा हक्क स्वतंत्र असून, विज्ञान भवनातील आपले भित्तिशिल्प काढून टाकल्याबद्दल अमरनाथ सहगल यांनी लावलेल्या दाव्यात दिल्ली उच्च न्यायालयाने २००५ मध्ये तो मान्य केला. वारली चौकासारख्या सामूहिक निर्मितीला मात्र एकच एक कर्ता नसल्याने या अधिनियमातील संरक्षण तिला लागू करणे कठीण जाते.