मोहरीचा झणका आणि कर्करोगाचं संशोधन

मंडळी, आजचा विषय फलकावर लागल्यापासून आम्हाला चाकुरात एकच प्रश्न विचारला जातोय : कोबी खाल्ल्यानं कॅन्सर बरा होतो का? उत्तर आधीच देऊन टाकतो, म्हणजे तुम्ही निवांत ऐकाल. नाही होत. पण अंगात शिरलेलं विष शरीर बाहेर कसं टाकतं, या प्रश्नाचा इतिहास मात्र याच भाज्यांमधून जातो.

मोहरी, मुळा, कोबी, फ्लॉवर, नवलकोल, अळीव ही सगळी एका कुळातली. फूल बघा, चार पाकळ्या क्रुसासारख्या समोरासमोर. आपल्याकडं मोहरीचं तेल कुणी खात नाही, आपलं करडईचं नाहीतर शेंगदाण्याचं. तरी मोहरीच्या डब्याशिवाय घर दाखवा एखादं!

आता मोहरीचा दाणा जिभेवर नुसता धरला तर तिखट लागत नाही. चावला की नाकात झणका जातो. असं का? १८४० साली ब्यूसी नावाच्या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञानं हे कोडं सोडवलं. काळ्या मोहरीत सिनिग्रिन नावाचं एक द्रव्य असतं, ते स्वतः तिखट नसतं. शेजारीच, पण वेगळ्या कप्प्यात, एक विकर असतं, म्हणजे एंझाइम. दाणा फुटला, पाणी लागलं, दोघांची गाठ पडली की झणका तयार होतो. किड्यानं पान कुरतडलं की त्याच्या तोंडात हेच होतं. झाडाचं ते हत्यारच आहे. आपल्या बायकांना हे रसायन नाव माहीत नसताना ठाऊक होतं. लोणच्याला मोहरी फेसायची, फोडणीला तडतडवायची. कडकडीत तेलात ते विकर निकामी होतं, म्हणून फोडणीला खमंगपणा येतो, झणका येत नाही.

रोममध्ये केटो नावाच्या गृहस्थानं दोन हजार वर्षांपूर्वी स्तनातल्या गाठीवर कोबी वाटून लावायला सांगितला होता. ते सोडून देऊ. आधुनिक विज्ञानात या कुळाची सुरुवात बदनामीनंच झाली. १९२८ साली अमेरिकेत जॉन्स हॉपकिन्समध्ये प्रयोगासाठी पाळलेल्या सशांना कोबी फार खायला घातला, तर त्यांना गलगंड झाला. पुढं कितीतरी वर्षं या भाज्यांतल्या द्रव्यांकडं घातक म्हणूनच पाहिलं गेलं.

बाजू पलटली १९७७च्या सुमाराला. मिनेसोटाच्या ली वॉटनबर्ग यांनी दाखवलं की कर्करोग घडवणारं रसायन उंदरांना देताना बेंझिल आयसोथायोसायनेट दिलं, तर गाठी कमी होतात. नाव जड आहे, पण वस्तू ओळखीची आहे. भिजवलेल्या अळिवाला जो तिखटसा वास येतो ना, तो याच जातीच्या द्रव्याचा. बाळंतिणीचे लाडू! मग १९९२ साली पॉल टलाले आणि सहकाऱ्यांनी ब्रोकोलीतून सल्फोराफेन वेगळं काढलं, तेही त्याच जॉन्स हॉपकिन्समध्ये. हे द्रव्य स्वतः विषाशी लढत नाही. ते पेशीतल्या सफाई करणाऱ्या विकरांना जागं करतं, आणि ती विकरं विष पाण्यात विरघळेल असं करून लघवीवाटे घालवतात.

आपल्याजवळ हे काम झालं हैदराबादला, राष्ट्रीय पोषण संस्थेत. कल्पगम पोलासा, कमला कृष्णस्वामी आणि सहकाऱ्यांनी ब्रोकोली नाही, मोहरीच घेतली. उंदरांच्या खाण्यात मोहरी मिसळली आणि त्यांना बेंझोपायरीन दिलं. तंबाखूच्या धुरात असतं, चुलीच्या धुरातही असतं. मग लघवी तपासली. मोहरी खाल्लेल्यांच्या लघवीत जनुकं बिघडवणारी द्रव्यं कमी निघाली. हे १९९४ साली छापून आलं. त्याआधी तिथंच विडी-सिगारेट ओढणाऱ्यांना हळद देऊन अशीच तपासणी झाली होती. आम्हाला हे काम फार मोलाचं वाटतं, कारण प्रश्न आपल्या चुलीचा आणि आपल्या डब्यातला होता.

माणसांवरचा मोठा प्रयोग शांघायजवळ चीतोंगला झाला, २०१४ साली प्रसिद्ध झाला. २९१ माणसांना १२ आठवडे ब्रोकोलीच्या मोडांचं पेय दिलं किंवा नुसतंच तसं दिसणारं पेय दिलं. मोडांचं पेय घेणाऱ्यांच्या लघवीतून बेंझीनचा निचरा ६१ टक्क्यांनी वाढला. निचरा वाढला, एवढंच. कॅन्सर कमी झाला असं त्यांनी म्हटलेलं नाही. ते म्हणतात ते फेसबुकवाले.

हे एवढं ताणून सांगतोय त्याला कारण आहे. आमच्या मोठ्या आईला, म्हणजे थोरल्या चुलतीला, पाळी गेल्यावर पुन्हा अंगावरून लाल जायला लागलं. लाजेनं वर्षभर बोललीच नाही. बोलली तेव्हा कुणीतरी कोबीचा रस सांगितला, कुणी मुळ्या दिल्या. आम्हीच सकाळी उठून किसणीवर कोबी किसायचो. सहा महिने. दवाखान्यात नेलं तेव्हा गर्भाशयाच्या मुखाचा कॅन्सर पार पसरलेला होता. २००१ साली ती गेली.

आणि त्याच वर्षांत शेजारच्या उस्मानाबाद जिल्ह्यात, आताच्या धाराशिवमध्ये, काय चाललं होतं? बार्शीचं नर्गिस दत्त रुग्णालय आणि मुंबईचं टाटा मेमोरियल यांची माणसं १९९९पासून गावोगाव फिरत होती. ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ बायका, गावांचे ५२ समूह, चार गट. एका गटाची एचपीव्ही या विषाणूची तपासणी, तीही एकदाच. आठ वर्षांनी मोजलं तेव्हा त्या गटात या कॅन्सरनं ३४ बायका गेल्या होत्या. तपासणी न झालेल्या गटात, तो थोडा लहान असूनही, ६४. उरलेल्या दोन पद्धतींनी म्हणावा असा फरक पडला नाही. एका गटाला तपासणीविना ठेवलं यावर पुढं टीका झाली, आणि आमच्या मते ती रास्त होती. तरी २००९ साली हे छापून आलं आणि साऱ्या जगानं वाचलं.

मोठी आई ५२ वर्षांची होती. वयात बसत होती. पण १९८२ साली लातूर जिल्हा वेगळा झाला, आणि तिचं गाव इकडं आलं.