चांदीच्या धावा

परवा रात्री साडेअकरा वाजता मी एका ॲपवर हेडफोन बघत बसलो होतो. घरात आधीचे दोन आहेत आणि दोन्ही चालू आहेत. तरी ‘फक्त २ तास बाकी’ दिसलं की बोट आपोआप पुढे सरकतं. त्यात बोनस नुकताच जमा झालेला. सकाळी पाचोऱ्याला फोन केला, तेव्हा आप्पांना बोनसचं सांगितलं. ते म्हणाले, "बोनस म्हणजे कापसाचा भाव रे बाबा. आला तर आला."

आप्पांचं हे वाक्य डोक्यातून जाईना, म्हणून शनिवारभर कापसाचा इतिहास वाचत बसलो.

१८६१ मधे अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. दक्षिणेतल्या बंदरांची नाकेबंदी झाली आणि लँकेशायरच्या गिरण्यांना कापूस मिळेना. मग सगळ्यांची नजर वळली आपल्याकडे, म्हणजे गुजरात, वऱ्हाड आणि अर्थात खानदेश. त्याच सुमारास जी. आय. पी. रेल्वे पाचोऱ्यावरून भुसावळकडे सरकत होती. भाव कित्येक पटींनी चढले. मुंबईत त्या चार-पाच वर्षांत ७ ते ८ कोटी पौंड जादा आले, असा त्या वेळचा अंदाज होता. प्रेमचंद रायचंद शेअरबाजाराचे राजे झाले आणि बॅक बे रेक्लमेशनचे शेअर मूळ किमतीच्या कितीतरी पट गेले. तिकडे कापूसपट्ट्यात काही शेतकऱ्यांनी बैलगाडीच्या चाकांना चक्क चांदीच्या धावा बसवल्याचे उल्लेख सापडतात. (धाव म्हणजे चाकावरची लोखंडी पट्टी, शहरातल्या मंडळींसाठी!)

एप्रिल १८६५ मधे युद्ध संपत आलं आणि भाव कोसळले. १ जुलै १८६५ हा मुंबईत वायद्याचे सौदे पुरे करायचा दिवस होता. त्या दिवशी अनेकांचं दिवाळं निघालं. पुढे बँक ऑफ बॉम्बेही बुडाली.

हसायला सोपं आहे. पण मला वाटतं, चांदीच्या धावा हा त्यातला सर्वात मोठा मूर्खपणा नव्हताच. तेव्हा रुपयाच चांदीचा होता. धाव उतरवून वितळवली तर थोडंफार हाती लागणारच. शिवाय पोस्टाची बचत बँक देशभर सुरू झाली ती १८८२ मधे. मग खेड्यातल्या माणसाने पैसा ठेवायचा तरी कुठे? खरा घात केला तो लग्नातल्या उधळपट्टीने आणि चढ्या भावाच्या भरवशावर काढलेल्या कर्जाने. भाव उतरला, कर्ज तसंच राहिलं. १८७५ मधे पुणे आणि नगर जिल्ह्यांत शेतकऱ्यांनी सावकारांची कर्जखती जाळली, त्यामागे या कर्जाचाही वाटा होता.

आता माझा हिशोब बघा. चांदीची धाव निदान वितळते. माझे हेडफोन वितळवून काय मिळणार? आणि ईएमआय म्हणजे येणारा पगार येतच राहील या भरवशावर काढलेलं कर्जच की. आमच्या टीममधून या वर्षी दोघांना नारळ मिळाला. दोघांचेही हप्ते चालू होते.

‘मनावर ताबा ठेवा’ वगैरे मला जमत नाही, खरं सांगतो. म्हणून एवढंच केलं: ॲपमधून कार्ड काढून टाकलं, आणि पगाराच्या दुसऱ्याच दिवशी कापली जाईल अशी रिकरिंग सुरू केली. बोनसची एफडी केली आणि तिला नाव दिलं ‘१८६५’.

आप्पांना सांगितलं. म्हणाले, "बरं केलं. पण हेडफोन किती ला होता रे?"