नोकरी सोडून लंडनला

गावातला एखादा हुशार मुलगा एम. ए. होतो, पुढे डॉक्टरेट करतो म्हणतो, आणि घरची माणसे विचारतात, "पैसा कुठून आणणार?" मग तो गुरुजींकडे सल्ल्याला येतो. अशा वेळी परळच्या एका बिऱ्हाडाची हकीकत त्याला जरूर सांगा.

पोयबावडीला इम्प्रूव्हमेंट ट्रस्टच्या चाळीत दोन खोल्यांचे ते बिऱ्हाड. भोवती गिरणीकामगारांची वस्ती. तिथले भीमराव आंबेडकर नोव्हेंबर १९१८ पासून सिडनहॅम कॉलेजात अर्थशास्त्र शिकवीत. पगार दरमहा ४५० रुपये. त्या काळी चाळीत एवढा पगार किती जणांना असेल? ही नोकरी त्यांनी मार्च १९२० मध्ये सोडली.

आंबेडकर बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर शिकले, असे आपण ऐकतो. ते अर्धेच खरे. सयाजीराव महाराजांच्या मदतीने १९१३ साली ते न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, १९१५ मध्ये एम. ए. झाले, १९१६ मध्ये लंडनला पोचले. तिथे वर्ष होते न होते तोच शिष्यवृत्तीची मुदत सरली. अभ्यास अर्धा टाकून १९१७ मध्ये परतावे लागले. कराराप्रमाणे बडोद्यात नोकरी धरली, तर एवढ्या शिकलेल्या माणसाला अस्पृश्य म्हणून राहायला जागा मिळेना! थोड्याच दिवसांत ते मुंबईला आले.

लंडन सोडताना मात्र त्यांनी एक गोष्ट पक्की करून घेतली होती. प्रा. एडविन कॅनन यांच्या शिफारशीने विद्यापीठाने परवानगी दिली, की ऑक्टोबर १९१७ पासून चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुरा करावा. म्हणजे १९२० साली फार थांबायला सवड नव्हती.

पैशाची जुळवाजुळव अशी झाली: पगारातली शिल्लक, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे १५०० रुपये, आणि अमेरिकेत जोडलेले पारशी स्नेही नवल भथेना यांच्याकडून ५००० रुपये कर्ज. एवढे शेवटपर्यंत पुरेल अशी हमी कुणाची नव्हती. जुलैमध्ये ते बोटीत बसले. जानेवारीतच काढलेले 'मूकनायक' मागे राहिले. ते पुढे १९२३ मध्ये बंद पडले. परळला रमाबाई आणि लहानगा यशवंत. या धाडसाची किंमत त्या दोन खोल्यांनीही मोजली, हे चरित्रे वाचताना आपण पटकन विसरतो.

मला विचाराल तर हा जुगार नव्हता. जागा राखलेली होती, मुदत ठाऊक होती. शिवाय डॉक्टरेटबरोबर ते ग्रेज इनमध्ये बॅरिस्टरीही करीत होते. बडोद्याचा अनुभव घेतलेल्या माणसाला कुणाची चाकरी न करता पोट भरणारा धंदा हवाच होता.

तरी पैसा अपुराच पडला. मार्च १९२३ मध्ये परीक्षकांनी रुपयाच्या प्रश्नावरचा प्रबंध सुधारायला सांगितला. हातात पैसे उरले नव्हते. एप्रिलमध्ये ते मुंबईला परतले, इथूनच प्रबंध दुरुस्त करून पाठवला, आणि त्याच वर्षी लंडनची डी. एस्सी. मिळाली. कोलंबियाची पीएच. डी. त्याहून रखडली. प्रबंध छापून दिल्याशिवाय तिथे पदवी मिळत नसे. ते पुस्तक १९२५ मध्ये निघाले, सयाजीराव महाराजांना अर्पण केलेले, आणि पदवी १९२७ मध्ये हाती आली.

दरम्यान वकिली सुरू करायची तर सनदेला पैसे हवेत. तेही नव्हते. पुन्हा भथेनाच उभे राहिले.