थिओडोर रूझवेल्टची कैफियत (इ. स. १९१२)

वतनाच्या तंट्यांतील कैफियती ज्यांनी वाचल्या आहेत त्यांस एक गोष्ट चांगली परिचित असेल. वादी आपला हक्क प्रथम एका आधारावर मांडतो. मध्यंतरी एखादा अनुकूल निवाडा पदरी पडला, की पुढील कैफियतीत तो निवाडाच मुख्य आधार होऊन बसतो आणि मूळचे कारण मागे सरते. अशा वेळी मजकुराआधी मिती पाहावी, हा आपल्या संशोधकांचा जुना पाठ आहे. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांत इ. स. १९१२ साली माजी अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट याने स्वपक्षाचाच अधिकारारूढ अध्यक्ष विल्यम हॉवर्ड टॅफ्ट यास बाजूस सारून उमेदवारी आपणास मिळावी म्हणून जी मांडणी केली, तीस हा पाठ लावून पाहण्याचा आमचा उद्देश आहे.

प्रथम तेथील रीत थोडक्यात सांगणे अवश्य आहे. पक्षाचा उमेदवार पक्षाच्या अधिवेशनात ठरतो आणि अधिवेशनास संस्थानोसंस्थानीचे प्रतिनिधी जातात. हे प्रतिनिधी पूर्वी बहुधा स्थानिक पक्षसभांतून, म्हणजे व्यवहारात पक्षाच्या मुखंडांच्या मर्जीने, निवडले जात. ओरेगॉन संस्थानाने १९१० साली कायदा करून अध्यक्षपदाच्या उमेदवाराविषयीची पसंती पक्षाच्या सामान्य मतदारांनीच मत देऊन दर्शवावी अशी तजवीज केली. हिलाच प्राथमिक निवडणूक म्हणतात. १९१२ साली सुमारे बारा-तेरा संस्थानांत ती रूढ झाली होती. उरलेल्या बहुसंख्य संस्थानांत जुनीच वहिवाट चालू होती.

रूझवेल्ट १९०१ ते १९०९ अध्यक्ष होता. ८ नोव्हेंबर १९०४ रोजी, निवडणूक जिंकल्याच्या रात्रीच, आपण पुन्हा उमेदवारी स्वीकारणार नाही असे त्याने जाहीर केले. १९०८ साली टॅफ्ट यास त्यानेच पुढे आणले. पुढे बिघाड झाला तो क्रमाक्रमाने. १९०९ चा जकातीचा कायदा, जानेवारी १९१० मध्ये वनखात्याचा प्रमुख पिंशो याची बडतर्फी, आणि ऑक्टोबर १९११ मध्ये पोलाद कंपनीवर सरकारने लावलेला दावा, ही त्याची ठळक स्थाने होत. या दाव्यात १९०७ साली खुद्द रूझवेल्टने संमती दिलेल्या एका व्यवहारावर ठपका येत होता, आणि तो त्यास सर्वांत झोंबला असे आमचे मत आहे.

आता कागदांकडे वळू. पहिला कागद १० फेब्रुवारी १९१२ चा. सात गव्हर्नरांनी रूझवेल्टला पत्र लिहून, पक्षातील बहुसंख्य लोकांस आपण उमेदवार असावे असे वाटते, तरी उमेदवारी आल्यास ती स्वीकाराल काय, अशी पृच्छा केली. वरवर पाहता ही लोकांची उत्स्फूर्त हाक होय. परंतु जानेवारीतील रूझवेल्टच्या स्वतःच्या पत्रांवरून असे पत्र यावे ही कल्पना त्याचीच होती, हे उघड दिसते. विनंतीपत्र मागवून घेऊन मग त्यास मान देणे ही युक्ती आपल्याकडील दप्तरांतही अपरिचित नाही. तीत फार मोठे पाप आहे असेही आम्ही मानीत नाही. मात्र त्यामुळे हे पत्र लोकमताचा पुरावा म्हणून वापरता येत नाही, एवढे खरे.

दुसरा कागद म्हणजे २४ फेब्रुवारीचे उत्तर. ते अत्यंत आखूड आहे. उमेदवारी देऊ केल्यास स्वीकारीन, अधिवेशनाने कौल देईपर्यंत या निश्चयापासून ढळणार नाही, आणि शक्य असेल तेथवर लोकांस प्राथमिक निवडणुकीच्या द्वारे आपली पसंती सांगण्याची संधी मिळावी, असा त्याचा आशय. ‘शक्य असेल तेथवर’ ही मर्यादा वाचकांनी ध्यानात ठेवावी. फेब्रुवारीत प्राथमिक निवडणूक ही एक इच्छा होती; हक्काचा आधार ती नव्हती. आधार होता तो धोरणाचा. तीनच दिवसांपूर्वी, २१ फेब्रुवारी रोजी, कोलंबस येथे ओहायोच्या घटनासमितीपुढे त्याने तो मांडला होता. कायदेमंडळाने केलेला लोकहिताचा कायदा संस्थानातील न्यायाधीशांनी घटनाबाह्य ठरविल्यास तो निर्णय लोकांनी मत देऊन फिरवावा, असे तो तेथे म्हणाला. या एका सूचनेने एलिहू रूट, हेन्री कॅबट लॉज यांच्यासारखे त्याचे जुने स्नेही दुरावले. १९०४ च्या वचनाची आठवण विरोधकांनी दिली तेव्हा, ते वचन सलग तिसऱ्या कारकिर्दीपुरते होते. सकाळी न्याहारीस आणखी कॉफी नको म्हणणाऱ्याने दुसऱ्या दिवशीही ती घेऊ नये असे थोडेच आहे, असा खुलासा त्याने केला. तो चतुर खरा, पण १९०४ च्या शब्दांत ‘सलग’ हा शब्द कोठेही नाही.

मार्च महिना त्यास वाईट गेला. १९ मार्चला उत्तर डाकोटात विस्कॉन्सिनचा ला फॉलेट जिंकला. २६ मार्चला न्यूयॉर्क शहरात मतपत्रिका कित्येक फूट लांब होत्या, व्यवस्थेत घोळ झाला आणि टॅफ्टच्या पक्षाची सरशी झाली. रूझवेल्टने त्या मतदानास थोतांड म्हटले. म्हणजे ज्या साधनावर पुढे त्याने सर्व भिस्त ठेवली त्याच साधनाचा निकाल विरुद्ध गेला तेव्हा त्याने तो मानला नाही. मात्र न्यूयॉर्कमधील तक्रार निराधार नव्हती, हेही न्यायाने सांगितले पाहिजे.

९ एप्रिल रोजी चित्र पालटले. इलिनॉय संस्थानाने मार्चअखेर विशेष बैठक भरवून घाईघाईने प्राथमिक निवडणुकीचा कायदा केला होता. तेथे रूझवेल्टला टॅफ्टच्या दुपटीहून अधिक मते पडली. पाठोपाठ १३ एप्रिलला पेनसिल्व्हेनियात, मुखंड पेनरोझ याच्या बालेकिल्ल्यात, त्याने विजय मिळविला. येथून पुढच्या भाषणांत कैफियतीचे कलम बदललेले दिसते. न्यायनिर्णय फिरविण्याची गोष्ट मागे पडली. त्याऐवजी विचारसरणी अशी झाली: जेथे जेथे लोकांस मत देऊ दिले तेथे तेथे त्यांनी अध्यक्षास नाकारले, अध्यक्षाचे बळ जेथे लोकांस विचारलेच गेले नाही तेथील आहे, यास्तव पक्षाचा खरा उमेदवार कोण हे ठरून चुकले असून अधिवेशनाने त्यावर केवळ शिक्का मारावयाचा आहे. हे प्रतिपादन पहिल्याहून पुष्कळ बळकट होते. धोरण चुकले असे म्हणण्यास वाद घालावा लागतो. मते मोजण्यास वाद लागत नाही.

टॅफ्ट तोवर गप्प होता. २५ एप्रिल रोजी बोस्टन येथे त्याने उत्तर दिले, आणि हस्तलिखितांच्या संग्राहकांस हा प्रसंग विशेष मननीय वाटेल. त्याने उभयतांमधील खाजगी पत्रेच पुढे केली. कॅनडाशी करावयाच्या व्यापारी तहास रूझवेल्ट आता विरोध करीत होता. पण जानेवारी १९११ मध्ये त्याने तोच बेत सर्व दृष्टींनी उत्तम म्हणून वाखाणला होता, हे पत्राने सिद्ध झाले. तथापि याच पत्रव्यवहारात टॅफ्टचे १० जानेवारी १९११ चे पत्र होते, आणि त्यात या तहाने कॅनडा हा संयुक्त संस्थानांचा केवळ पुरवणीवजा भाग होईल असे वाक्य होते. ते उघड होताच कॅनडात क्षोभ उसळला. प्रतिपक्षावर फेकलेला कागद फेकणाऱ्यासही कसा लागतो याचे याहून स्वच्छ उदाहरण आमच्या पाहण्यात नाही. दुसऱ्याच दिवशी वुस्टर येथे रूझवेल्टने खाजगी पत्रे उघड करणे सभ्यपणाचे नव्हे असा तडाखा दिला; पत्रे खोटी आहेत असे मात्र तो म्हणाला नाही. भाषणानंतर टॅफ्ट आगगाडीच्या डब्यात रडताना दिसला, आणि रूझवेल्ट माझा सर्वांत जवळचा मित्र होता असे म्हणाला, अशी एका वार्ताहराची नोंद आहे.

या दोघांमधील दुराव्याचा उत्तम साक्षी कॅप्टन, पुढे मेजर, आर्ची बट हा होय. तो दोघांचाही लष्करी सहायक होता. घरी लिहिलेल्या पत्रांत त्याने दिवसादिवसाची हकीकत टिपली असून ती १९२४ व १९३० साली छापली गेली. परिणाम ठाऊक झाल्यावर रचलेल्या बखरीस जे मोल नसते ते या पत्रांस आहे. पण ती मतदानाच्या धामधुमीपूर्वीच थांबतात. पेनसिल्व्हेनियाच्या मतदानानंतर दुसऱ्याच रात्री ‘टायटॅनिक’ हिमनगावर आदळली, आणि रजेवरून परतणारा बट तीत बुडाला.

रूझवेल्टच्या नव्या कैफियतीची खरी कसोटी ३० एप्रिल रोजी मॅसॅच्युसेट्समध्ये लागली. पसंतीच्या मतदानात टॅफ्ट थोडक्या मतांनी पुढे आला, पण मतपत्रिकेच्या घोटाळ्यामुळे संस्थानभरचे आठ प्रतिनिधी रूझवेल्टच्या बाजूचे निवडले गेले. रूझवेल्टने ते आठही नाकारले आणि लोकांनी टॅफ्टला पसंत केले असल्याने त्यांनी त्यासच मत द्यावे असे जाहीर केले. न्यूयॉर्कमध्ये जे घडले त्याच्या शेजारी हा कागद ठेवला पाहिजे. आठ जागा लहान नव्हेत; तत्त्व आपल्यावर उलटले असतानाही त्याने ते येथे पाळले. २१ मे रोजी टॅफ्टच्या स्वतःच्या ओहायो संस्थानात रूझवेल्टला सुमारे १ लक्ष ६५ हजार व टॅफ्टला सुमारे १ लक्ष १८ हजार मते पडली. सर्व प्राथमिक निवडणुका मिळून रूझवेल्टची मते साडेअकरा लक्षांच्या घरात, टॅफ्टची साडेसात लक्षांहून थोडी अधिक. न्यूयॉर्क वगळून या संस्थानांतील प्रतिनिधींची बेरीज सामान्यतः रूझवेल्ट २७८, टॅफ्ट ४८ व ला फॉलेट ३६ अशी देतात.

परंतु अधिवेशनात एकंदर १,०७८ प्रतिनिधी होते, म्हणजे मोजलेला कौल सुमारे एक तृतीयांशाचा होता. उरलेल्यांत दक्षिणेकडील संस्थानांचा भरणा मोठा. तेथे रिपब्लिकन मते जवळजवळ नव्हती, पण प्रतिनिधी होते, आणि ते पोस्टमास्तर वगैरे केंद्र सरकारच्या नोकरांतून येत. साहजिकच जो अध्यक्ष त्याचे ते. ही व्यवस्था अन्यायाची आहे हे रूझवेल्टचे म्हणणे निर्विवाद खरे. मात्र १९०८ च्या शिकागो अधिवेशनात पक्षाला पडलेल्या मतांच्या प्रमाणात प्रतिनिधी द्यावे असा ठराव आला होता, आणि तो ५०६ विरुद्ध ४७१ मतांनी फेटाळला गेला. फेटाळणारे रूझवेल्ट-टॅफ्ट पक्षाचेच व्यवस्थापक होते, कारण त्या वर्षी दक्षिणेचे प्रतिनिधी टॅफ्टसाठी हवे होते. अठरा मते इकडची तिकडे झाली असती तर १९१२ चा तंटा बहुधा रूझवेल्टच्या बाजूने सुटता.

जून १९१२ मध्ये शिकागोस २५४ जागांवर तक्रारी दाखल झाल्या. त्यांपैकी २३५ टॅफ्टला व १९ रूझवेल्टला मिळाल्या. रूझवेल्टच्या बाजूने दक्षिणेत उभ्या केलेल्या तक्रारींपैकी पुष्कळ केवळ संख्या फुगविण्यासाठी होत्या, आणि शेवटी तोही सत्तरांहून थोड्या अधिक जागांवरच ठाम राहिला. परंतु कॅलिफोर्नियातील दोन जागांचा निर्णय आम्हांस अक्षम्य वाटतो. संस्थानच्या कायद्याप्रमाणे तेथे संस्थानभरचे मत एकत्र मोजावयाचे होते आणि ते रूझवेल्टला स्पष्ट पडले होते. तरी एका जिल्ह्याच्या दोन जागा टॅफ्टला दिल्या. मोजलेले मत येथे मोडले गेले. अधिवेशनाचा अध्यक्ष म्हणून ५५८ मतांनी निवडला गेलेला रूट हा एके काळी रूझवेल्टचाच परराष्ट्रमंत्री होता. अखेरच्या मतदानात टॅफ्टला ५६१ आणि रूझवेल्टला १०७ मते मिळाली; सुमारे साडेतीनशे प्रतिनिधींनी मत देण्याचे नाकारले. ५ नोव्हेंबरच्या निवडणुकीत विल्सनला ४३५, नव्या प्रोग्रेसिव्ह पक्षातर्फे उभ्या राहिलेल्या रूझवेल्टला ८८ आणि टॅफ्टला अवघी ८ निर्वाचक मते पडली.

एक कागद अजून राहिला. तो शिकागोच्या पराभवानंतर सहा आठवड्यांनी, १ ऑगस्ट १९१२ रोजी, रूझवेल्टने अटलांटाच्या ज्युलियन हॅरिस यास लिहिला आहे. नव्या पक्षात दक्षिणेतील कृष्णवर्णीय प्रतिनिधींस घेऊ नये, तेथील पक्ष गोऱ्या पुढाऱ्यांच्या हाती असावा, असा त्याचा निष्कर्ष. आणि त्या महिन्यातील अधिवेशनात दक्षिणेतून आलेल्या अशा प्रतिनिधींस त्याप्रमाणे परत पाठविण्यात आले. त्यांना कोणी निवडले, हा प्रश्न त्या वेळी मते मोजून सोडविला गेला नाही. तो एका समितीने सोडविला.