हिमस्खलन-सुरक्षा

हिमस्खलन-सुरक्षा : उतारावर साचलेल्या बर्फाचा थर सुटून वेगाने खाली येणे म्हणजे हिमस्खलन. हिवाळी ट्रेकर, स्कीपटू आणि स्नोशू घालून चालणारे यांना त्यापासून वाचवणाऱ्या सवयी, साधने व बचावतंत्र यांचा विचार या नोंदीत केला आहे.

लादीसारखा सुटणारा बर्फ सर्वांत घातक. वाऱ्याने दाबून घट्ट झालेला थर खालच्या भुसभुशीत, साखरेच्या दाण्यांसारख्या थरावर टेकलेला असतो. माणसाच्या वजनाने तो आधार खचला की वरची लादी तडकून अखंड घसरते. ३० ते ४५ अंशांचे उतार यात सर्वाधिक धोक्याचे. त्याहून खड्या कड्यावर बर्फ फारसा साठत नाही. सापडलेल्या बहुतेकांच्या बाबतीत हा लोट त्यांच्या स्वतःच्या किंवा सोबत्याच्याच वजनाने सुटलेला असतो. म्हणूनच उताराची निवड ही कोणत्याही उपकरणापेक्षा मोलाची.

सह्याद्रीत वावरलेल्या ट्रेकरला इथे जुनी सवय मोडावी लागते. तिकडे पाऊस थांबून आभाळ मोकळे झाले की हायसे वाटते. हिमालयात जोरदार हिमवृष्टीनंतरचा पहिला लख्ख दिवसच अतिशय फसवा असतो. पायाखाली ‘धप्’ असा दबका आवाज होणे, बर्फात तडे धावणे, शेजारच्या उतारावर ताजे स्खलन दिसणे या खुणा दिसताच परतावे.

काश्मिरातील गुलमर्ग येथे रोपवे स्कीपटूंना अफरवटच्या उंच उतारांवर नेऊन सोडतो. रोपवेलगतच्या पट्ट्यावर स्की-गस्तीपथकाची देखरेख असते, त्यापलीकडचे उतार मात्र अनियंत्रित आहेत. फेब्रुवारी २०१० मध्ये जवळच्या खिलनमर्ग येथे प्रशिक्षण घेणारे १७ जवान हिमस्खलनात मरण पावले. प्रशिक्षित माणसेही यातून सुटत नाहीत, हे नवख्यांनी ध्यानात घ्यावे. डीआरडीओची चंडीगड येथील डीजीआरई ही संस्था हिवाळ्यात इशारे देते. ते पाहिल्यावाचून निघू नये.

संशयित उतार एकेकट्याने ओलांडावा, बाकीच्यांनी सुरक्षित जागी थांबून नजर ठेवावी. प्रत्येकाजवळ ट्रान्सीव्हर, जोडून लांब होणारी शोधकाठी आणि धातूचे फावडे हवे. ट्रान्सीव्हर ४५७ किलोहर्ट्‌झवर संकेत देतो व घेतो. तिन्हींपैकी एक जरी नसेल, तर उरलेल्या दोहोंचा उपयोग फार थोडा.

गाडल्या गेलेल्याला पहिल्या १०-१५ मिनिटांत बाहेर काढल्यास जगण्याची शक्यता बरीच असते. अर्ध्या तासानंतर ती झपाट्याने घटलेली असते. थांबलेला बर्फ सिमेंटसारखा आवळतो, माणसाला बोटही हलवता येत नाही. बाहेरची मदत एवढ्या वेळात पोहोचणे दुर्मीळ, त्यामुळे वाचवणारे हात सोबत्यांचेच. तो शेवटचा कुठे दिसला ती जागा हेरून त्याखाली शोध सुरू करावा, आपापले ट्रान्सीव्हर शोध-स्थितीत आणावेत. काठी अंगाला लागली की ती तिथेच रोवलेली ठेवावी आणि थेट वरून न खणता उताराच्या खालच्या बाजूने आत शिरत खणावे. चेहरा व छाती आधी मोकळी करावी.